चहा चाखणाऱ्याची अक्कलदाढ

चहाच्या कंपनीतले मुख्य चाखणारे आपल्या जिभेबद्दल असं बोलायचे, जणू ती त्यांनी स्वतःच्या हातानं घडवली होती. बावीस वर्षांत त्यांच्या होकाराशिवाय एक पेटी गोदामात उतरली नव्हती. बाकी सगळे त्यांच्या लेखी मठ्ठ. मालक मठ्ठ, मळेवाले मठ्ठ आणि हाताखाली आठ वर्षं चाखणारी सख्खी भाची तर मठ्ठांची महाराणी. ती उत्तम चाखते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढा जळफळाट.

अशा माणसाची अक्कलदाढ दुखायला लागली. गाल फुगला, तोंड उघडेना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला.

"दाढ आडवी आहे. पुढच्या दाढेला रेटतेय, तिचं मूळ खातेय. तिच्यावर आलेल्या हिरडीखाली अन्न अडकून पू होतो. दोनदा गोळ्या झाल्या, आता काढायलाच हवी."

"मग ओढा की! त्यात काय एवढं?"

"ओढून येणार नाही ती. जागा बधिर करायची, हिरडी चिरायची, थोडं हाड कोरायचं आणि दाढेचे तुकडे करून एकेक काढायचा. मग टाके."

काढताना कळलंही नाही. पण नंतर घरी त्यांनी लढाई जिंकल्याच्या थाटात वर्णन केलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र निघताना बजावलं होतं, "खड्ड्यात रक्ताची गुठळी धरेल. हाडावर तेवढंच झाकण. आठवडाभर काही ओढून प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही."

चाखणाऱ्याला हे सांगायचं! चमच्यातला चहा जोरात भुरकायचा, तोंडात घोळवायचा आणि पचकन थुंकायचा, हाच तर त्यांचा धंदा. त्यात नव्या हंगामाचे नमुने त्याच आठवड्यात येणार होते. मालक म्हणाले होते, "तुम्ही आराम करा, भाची आहेच." झालं! तिनं एकदा होकार दिला आणि माल चांगला निघाला, की आपल्याला कोण विचारतो?

तिसऱ्या दिवशी स्वारी सुजका गाल घेऊन हजर. "मामा, डॉक्टर काय म्हणाल्या?" भाचीनं विचारलं. "त्या बाईला चहातलं काय कळतं?" म्हणून त्यांनी दिवसभरात साठ कप भुरकले. साठ वेळा थुंकले.

चौथ्या दिवशी सकाळी कानापर्यंत ठणका गेला. तरी ते आलेच. मालक आणि नमुने घेऊन आलेला मळेवाला समोर उभे होते. मामांनी पहिला कप चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"कुजका!"

दुसरा कुजका, तिसरा कुजका. बाराच्या बारा कुजके. मळेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. बिचाऱ्याचं वर्षभराचं काम त्या टेबलावर होतं.

"हॅट्, सगळी घाण!" म्हणत त्यांनी केटलीतलं कोमट पाणी तोंडात घेतलं आणि तेही थुंकलं. "पाणीसुद्धा सडलंय! केटली धुता की नाही?"

भाचीनं त्याच केटलीतलं पाणी ओतून घेतलं आणि प्यायलं.

"मामा, पाणी चांगलं आहे. घाण तुमच्या दाढेच्या खड्ड्यातून येतेय. तिथली गुठळी निघून गेली असणार. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांना ओरडता आलं असतं.

मालकांनी भाचीकडे पाहून मान हलवली. तिनं बारा कप चाखले, घाई न करता. अकरा चांगले ठरवले, सातवा बाजूला सारला. मामांनी सातव्याची भिजलेली पानं पाहिली. काळपट, निस्तेज. तो खरंच खराब होता. पोरीचं अगदी बरोबर होतं, आणि ठणक्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला.

"मग अकरा घ्यायचे का?" मालकांनी विचारलं.

"घ्यायचे," म्हणायला मामांनी सुजलेलं तोंड उघडलं. पण मालक भाचीकडे बघत होते.