डुकरीण नव्हती

जर्मनीतल्या येना गावाच्या टेकड्यांत रानडुकरं आहेत, एवढं खरं. बाकी त्या दिवशी मी लेकीला, धम्मदीपाला, जे सांगितलं ते माझं रचलेलं.

साल २००७. लेक तिथं भिंगांवर संशोधन करायची आणि मी तीन महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे आलेलो. सकाळी बटाटे सोलताना डोक्यात घण बसावा तशी कळ आली. सुरी खाली पडली, मी खुर्चीतच बसून राहिलो. दुपारी ती घरी आली तेव्हा मला उलटी झालेली. आता बटाटे सोलताना डोकं धरून बसलो, ही काय सांगायची गोष्ट? म्हटलं, जंगलात डुकरिणीनं धडक दिली, मागं तीन पिलं, एकाचा कान पांढरा. लोळत खाली आलो.

हॉस्पिटलात सीटी काढला. कवटीच्या आतून, मेंदूच्या वर, चंद्रकोरीसारखं रक्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार बसल्यावर असंच दिसतं. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला तर रक्त मेंदूच्या घड्यांमधून पसरतं. तिथं थेंबही नव्हता. डुकरीण शाबीत झाली. माझी छाती जरा फुगलीच.

पण बाई माझं डोकं चाचपू लागल्या. टेंगूळ नाही, खरचटलेलं नाही, पँटला माती नाही. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणून त्या धम्मदीपाशी बराच वेळ बोलल्या. तिनं मला मराठीत सांगितलं: क्वचित फुगा फुटूनही रक्त नुसतं वरच साचतं. पडला असाल तर लक्ष ठेवून थांबू. तुमची किडनी नाजूक, धमन्या दिसाव्यात म्हणून टोचतात तो डाय तिला उगाच नको. पडला नसाल तर आत्ताच डाय टोचून धमन्या बघायच्या. फुगा पुन्हा फुटला तर माणूस हाती लागत नाही.

"बाबा, डुकरीण होती का?"

"नव्हती."

तिला ते पटेना. तिची चूक नाही. थाप मारायची, मग गंभीर तोंडानं नाकारायची, म्हणजे लोक ती घट्ट धरून बसतात, ही युक्ती तिला मीच शिकवलेली. शपथा तर ती शाळेत होती तेव्हाच वापरून संपवल्या होत्या.

"मग काय झालं?"

"बटाटा सोलत होतो. दुखायला लागलं."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

ती वळली आणि डॉक्टरीणबाईंना जर्मनमध्ये म्हणाली, ते पडलेले नाहीत.

फुगा सापडला. मी लिंबाएवढा सांगतो, ती तुरीचा दाणा म्हणते. तो त्यांनी बंद केला. आठवड्यानं मी तिला विचारलं, तुला पटलं कसं?

"इतकी रटाळ गोष्ट तुम्ही रचलीच नसती, बाबा."

डोक्यापेक्षा ते जास्त लागलं.