ओटा कुणाच्या उंचीचा

लडकू मिस्त्रीनं खिशातून खिळा काढला आणि विचारलं, "भाभी, ओटा कुनाच्या उंचीचा धरू?"

साधाच प्रश्न. जी बाई रांधणार तिला भिंतीशी उभी करायची, कोपर वाकवायला सांगायचं आणि कोपराखाली चार बोटं सोडून खिळ्यानं रेघ ओढायची, ही लडकूची पद्धत. पेन्सिलीची रेघ पुसली जाते, खिळ्याची जात नाही, असं त्याचं म्हणणं. पण प्रश्न ऐकला मात्र, सुरैया भिंतीशी जायची ती दोन पावलं मागं सरली.

"रुबीनाच्या," तिचा नवरा इद्रीस दारातूनच म्हणाला. "आता सूनच बघणार सगळं. हिनं काय जन्मभर राबायचं?"

मायेनंच बोलला हो. हीच तर पंचाईत होती. कुणी दुष्टपणानं स्वयंपाकघर काढून घेत असतं तर सुरैयानं चार शब्द सुनावून भांडण तरी केलं असतं. मायेशी भांडायचं कसं?

"अम्मींची पण घ्या ना," रुबीना म्हणाली. ती सासूपेक्षा चांगली वीतभर उंच. लडकूनं दोघींना उभं केलं, काळवंडलेल्या भिंतीवर दोन रेघा ओढल्या, एक वर, एक खाली. "घरात काय ते ठरवा आन मंग सांगा. वटा म्हंजे पाट न्हाय, कवाबी उचलून हलवाया," असं म्हणून तो गेला.

जुना कडप्पा निघाला तेव्हाच मधोमध मोडला होता. त्याचे काळे तुकडे आता परसात पडले होते, आणि गॅसची शेगडी मधल्या खोलीत आली होती. मागच्या कारखान्यात लूमचा खडखडाट, पुढं सिमेंटच्या गोण्या, आणि मधे सुरैया. तिचा जीव कशातच लागत नव्हता. उगाच एखादं भांडं उचलायची, परत ठेवायची.

इद्रीसनं पांढऱ्या दगडाचा तुकडा नमुना म्हणून आणला होता. क्वार्ट्झ म्हणे. दुधासारखा पांढरा, ना ठिपका ना रेघ. रुबीनाच्या बहिणीच्या काल्हेरच्या नव्या फ्लॅटमध्ये तसाच ओटा होता, आणि तो बघून आल्यापासून रुबीनाच्या मनात तोच भरला होता. इद्रीसचं तर काय सांगावं! "आयुष्यभर काळ्या दगडावर काढलंस. आता घर उजळू दे," असं बायकोला सांगताना त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

आणि सुरैयाला पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं.

ही गोष्ट फक्त तिला ठाऊक, आणि डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंना. काचबिंदू, त्या म्हणाल्या होत्या. गेलेली नजर परत यायची नाही, पण थेंब घातले तर उरलेली टिकेल. थेंब ती नेमानं घालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, लूमचा कापूस उडतो, डोळे चुरचुरतात. भिवंडीत हे कुणाला खोटं वाटणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला कारण होतं. शेलार गावात दिलेली तिची मोठी बहीण, आपा. तिची नजर गेल्याचं कळलं तेव्हा घरच्यांनी आधी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, मग विस्तवाजवळ जाणं बंद केलं, मग "आपा, तुम्ही बसा ना आरामात" म्हणत हातात तसबीहची माळ देऊन खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं. सोन्यासारखी माणसं. कुणी उलटून बोलत नाही. पण ज्या बाईच्या हातचं खायला अख्खं शेलार यायचं, ती आता फोनवर सुरैयाला विचारते, "आज काय शिजवलंस गं? इथं मला कुणी सांगत न्हाय." तो फोन ठेवला की सुरैयाला घास गिळवत नसे.

काळ्या कडप्प्यावर मात्र तिचं सगळं नीट चाले. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ओल्या हातानं दगडावरच भाकरी थापायची, ना परात ना पोळपाट. काळ्यावर पांढरी भाकरी तिला लख्ख दिसायची, कडेला चीर गेली तर तीसुद्धा. तिथंच दुधासारखा ओटा आला की झालंच! पहिल्याच दिवशी पीठ कुठं नि हात कुठं, आणि मग खाट.

तेव्हा तिनं ठरवलं, या पांढऱ्या दगडाला सगळ्यांसमोर नापास करायचं.

आधी हळद. हळद, तेल, कोकमाचं आगळ असा सगळा लगदा तिनं नमुन्यावर थापला आणि दुपारभर ठेवला. संध्याकाळी रुबीनानं साबण लावून धुतला तर मेला जसा होता तसा! इद्रीसनं टाळीच वाजवली. "बघ! तूच परीक्षा घेतलीस, तूच पास केलास!"

सुरैयाचा जळफळाट झाला. रात्रभर तिची तळमळ चालली. आणि सकाळी तिला आठवलं, दुकानदार बोलता बोलता म्हणाला होता, तापलेलं भांडं थेट ठेवू नका, डाग पडेल. इद्रीसनं ते कानाआड केलं होतं. वा! हातात हुकमाचं पान असताना आपण हळद काय घासत बसलो?

दुपारी उकड काढून झाकून ठेवली होती. इद्रीस कारखान्यातून जेवायला आला होता, रुबीना ताटं मांडत होती. सुरैयानं लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवला, जाड फडक्यात धरला आणि टेबलाकडं वळली.

"तुमच्या दगडाची आता मजा बघा," ती म्हणाली. "तवा उतरवायला जागा नसलेला ओटा काय चाटायचा?"

नमुना पाण्याच्या जगाशेजारी असल्याचं तिनं मघाशीच विचारून घेतलं होतं. स्टीलचा जग तिला दिसत होता. त्याच्या डाव्या अंगाला तिनं तवा दाणकन ठेवला.

चर्र झालं. धूर आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. टेबलावरचं पांढरं प्लास्टिक आकसून तव्याला चिकटलं.

"अगो!" इद्रीस ओरडला. "दगड हिकडं हाय! उजवीकडं!" आणि खो खो हसत सुटला. "दगड राहिला बाजूला, टेबलच नापास केलंस!"

सुरैयासुद्धा हसली. हसावंच लागलं. पण चोराच्या मनात चांदणं, तिनं हातातल्या फडक्याची उगाच घडी घालायला घेतली. रुबीना हसली नाही. तिनं पुढं होऊन तवा उचलला, शेगडीवर नेऊन ठेवला आणि सासूकडं बघत हळूच म्हणाली, "अम्मी, टेबलावर काय काय हाय, सांगा बरं."

"माझी शाळा घेतेस?"

"सांगा ना."

"जग हाय," सुरैया म्हणाली. पुढं तिला सांगता येईना. पांढऱ्या प्लास्टिकवर पांढऱ्या चिनीमातीच्या बशा होत्या, मिठाची वाटी होती, तो मेला दगड होता, आणि तिच्यासमोर नुसतं धुकं होतं. इद्रीसचं हसू विरलं.

"दिसत न्हाय मला," ती एकदम ओरडली. "पांढऱ्यावर पांढरं दिसत न्हाय! काचबिंदू हाय. झालं समाधान?"

इद्रीस खुर्चीत बसला. "मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंत?"

"काय म्हणजे? शेगडीजवळ फिरकू दिलं नसतं!"

"म्हणूनच न्हाय सांगितलं."

"आता तरी ऐक," तो कासावीस होऊन म्हणाला. "टेबलाच्या जागी तुझा हात असता तर? आजपासून विस्तवाला शिवायचं न्हाय. रुबीना करेल. तू बस आरामात."

आरामात! तोच शब्द. सुरैयाला समोर खाट दिसली, खिडकी दिसली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी जिवाला किती स्वच्छ दिसतात! ती वळली. भिंत चाचपत निघाली, तेवढ्यात रुबीना परसातून मोडक्या कडप्प्याचा एक तुकडा धुऊन घेऊन आली आणि शेगडीशेजारी ठेवला. तवा तिनं खरवडून घासून पुन्हा चढवला होता.

"करा," ती म्हणाली.

"रुबीना!" इद्रीस म्हणाला.

"अब्बा, मला तांदळाची भाकरी येत न्हाय. माझी तव्यावर जाताना मोडते. तुम्ही न बोलता खाता, मला कळतं."

सुरैयानं हात ओला केला, उकडीचा गोळा घेतला आणि काळ्या दगडावर थापायला लागली. बोटं सवयीनं फिरली. पांढरा गोल वाढत गेला. कडेला एक चीर गेली, ती तिला दिसली आणि तिनं दाबून मिटवली. भाकरी तळव्यावर उचलून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. टम्म फुगली.

इद्रीसनं ती कोरडीच खाल्ली. खाताना त्यानं बाहीला डोळे पुसले. "हात भाजला तर?" तो परत म्हणाला, पण आता आवाजात हुकूम नव्हता, नुसती भीती होती.

रुबीना म्हणाली, "मी हाय ना जवळ. आणि उद्या तुम्ही यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं. चोरून थेंब घालणं बंद."

इद्रीसनं फोन उचलला आणि दगडवाल्याला लावला. "पांढरा नको, काळा पाठव. कारण काय असायचंय? बायकोला पांढऱ्यावर दिसत न्हाय."

जे तिनं इतकं जपून झाकलं होतं ते तो परक्या माणसाला भाजीचा भाव सांगावा तसं सांगून मोकळा झाला. भर रस्त्यात डोक्यावरची ओढणी उडावी तसं तिला झालं. मग जरा वेळानं हलकंही वाटलं.

पण बेचैनी जाईना. दगड काळा आला म्हणून काय झालं? ओटा रुबीनाच्या उंचीचा झाला तर खांदे उचलून उचलून आपण चार दिवसांत आपणहूनच बाजूला होणार. आणि बिचाऱ्या पोरीनं पांढऱ्याचं मन मारलंच होतं. आता आणखी कुठल्या तोंडानं मागायचं? जेवणं झाल्यावर ती एकटीच उखडलेल्या स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवर बोट फिरवत रेघा शोधायला लागली.

खालची सापडली. खिळ्याची, चांगली खोल. वरची सापडेना. बोट वर गेलं, इकडंतिकडं फिरलं. मग काहीतरी ओलं, मऊ लागलं. तिनं डोळे बारीक केले. काळवंडलेल्या भिंतीवर पांढरी पट्टी होती, तिला स्वच्छ दिसणारी. वरची रेघ उकडीनं लिंपून टाकली होती.

"माझी कंबर दुखली तर दाबायची हां अम्मी," दारातून रुबीना म्हणाली.

सुरैयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"उकड वाया घालवलीस," ती म्हणाली, आणि खालच्या रेघेतलं बोट तिनं काढलंच नाही.