बाबांचे खरे पॉइंट

लग्न होऊन मी जवळच्या डोंगरी गावी गेले आणि बाबांनी माझ्यासमोर समुद्राचं नाव काढणं सोडलं. मुर्ध्याला माहेरी गेले की चहा, चौकशी, आईच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं, सगळं व्हायचं. पण माझा धाकटा भाऊ राज ‘परवा पापलेट बरा लागला’ एवढं बोलला तरी बाबा मोठ्याने खाकरायचे. कारण सरळ होतं. माझे सासरे, ईश्वरमामा, यांचीही बोट आहे आणि दोन्ही बोटी एकाच पाण्यात जाळी टाकतात. म्हणजे मी आता समोरच्या पार्टीत.

मला याचा राग यायचा. बोट बंदराला लागली की बाबांच्या मांडीवर बसून जीपीएसची बटणं दाबणारी मीच होते. राज तेव्हा पाळण्यात होता.

यंदा पावसाळ्यात मासेमारी बंद असतानाच त्या जुन्या जीपीएसने राम म्हटला. बाबांची कंबर त्याआधीच गेली होती आणि डॉक्टरांनी त्यांना समुद्र बंद केला होता. येत्या हंगामात राज तांडेल होणार, बोट तोच नेणार. नवं मशीन आलं. दुकानदाराने बाबांच्या डोळ्यांसमोर जुन्याच्या मेमरीतले सगळे पॉइंट, म्हणजे मासा कुठे लागतो त्या जागा, एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर दिले. हजारावर ओळी होत्या. ओळीत आधी अक्षांश, मग रेखांश आणि शेवटी बाबांनी इंग्रजी अक्षरांत दिलेलं नाव. नव्या मशीनला मात्र नाव आधी हवं होतं आणि आकडेही वेगळ्या पद्धतीने. त्यासाठी फाइल दुकानात ठेवून यायची म्हणजे पॉइंट अख्ख्या किनाऱ्याला वाटायचे. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरच्या पायथन भाषेत असलीच कामं करते, म्हणून रविवारी मला बोलावणं आलं.

“एकेक ओळ वाचायची, बदलायची, नव्या फाइलीत लिहायची,” मी सांगितलं. “चहा होईस्तोवर होईल.”

आणि झालंही. आईने कप आणले तेव्हा सगळ्या ओळी नव्या रूपात तयार होत्या. मी जरा ऐटीतच लॅपटॉप बाबांकडे फिरवला.

बाबांनी बराच वेळ स्क्रीन पाहिली. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, “यातले लय खोटे हायत.”

मला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. खलाशी दर हंगामाला बोट बदलतात आणि जाताना मोबाइलवर मशीनचे फोटो काढून नेतात. म्हणून बाबांनी इतकी वर्षं खऱ्या पॉइंटांत खोटे मिसळून ठेवले होते. खरा कुठला ते ओळखायची खूण फक्त त्यांच्या डोक्यात. मशीनमध्ये सगळेच जाऊ देत, पण राजच्या मोबाइलमध्ये फक्त खरे पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. खूण राजला सांगायची सोय नव्हती, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

“मग खूण मना सांग. मी चाळून देते,” मी म्हटलं.

बाबा कपाशी चाळा करत बसले.

“बाबा?”

“तू आता डोंगरीची हायस, हिना.”

मी लॅपटॉप धाडकन मिटला. कामाला मुर्ध्याची आणि खुणेला डोंगरीची! मला रडू येत होतं, पण ते बाबांना दाखवायचं नव्हतं. आई म्हणाली, “चा घे आदी.” मी चहा घेतला. तो संपला तेव्हा मला हट्टाने एक सुचलं.

“बरं,” मी म्हटलं. “खूण तूच लिव. मी बाहेर बसते.”

मी लॅपटॉप उघडला आणि दुकानातून आलेल्या मूळ फाइलीतून खरे पॉइंट निवडणारा कोड लिहिला. त्यात अटीची जागा मोकळी ठेवली. “टोपलीतनं कोलंबी येगली काढतोस ना? तसंच हाय. ही मोकळी जागा म्हंजे निवडणारा हात.” मग तीन तऱ्हेच्या अटी कागदावर लिहून दिल्या. ओळीत अमुक अक्षरं आहेत का, ओळ अमुकने सुरू होते का, ओळ अमुकवर संपते का. पाहिजे ती अट लिहायची आणि हे बटण दाबायचं. फाइल चुकूच शकत नाही, असंही मी वर बोलून गेले.

आई आणि मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून एका बोटाने टायपिंग केल्याचा आवाज येत होता.

“लाल अक्षरं आली!”

“दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्ह दिलंस काय?”

“दिलंय.”

“कंस बंद केलास?”

मग टक्. “आता लाल न्हाय.” आणि थोड्या वेळाने, “पन फाइल रिकामी हाय. एक बी न्हाय आला.”

मी लहान-मोठी अक्षरं विचारली, मध्ये जागा सुटलीय का विचारलं. सगळं बरोबर होतं. “आता बगितल्याबिगर मना कलनार न्हाय,” मी म्हटलं आणि बसून राहिले. उठले नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, तरी उठले नाही. समोरच्या नव्या इमारतीत कोणीतरी टाइल कापत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“हिना,” बाबांनी हाक मारली. “आत ये.”

स्क्रीनवर त्यांची अट होती. ओळ ‘एच’वर संपते का?

सवयीने मी आधी चूक पाहिली. ती माझीच होती. फाइलीतल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं चिन्ह असतं, ओळ इथे संपली असं सांगणारं. ते आधी काढून टाकायला मी विसरले होते. त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी एकही ओळ ‘एच’वर संपतच नव्हती. दुसरी कुठलीही अट चालून गेली असती. बाबांनी नेमकी शेवटची निवडली होती.

मग मी ते अक्षर पाहिलं.

“एच कशाचा?”

“मशीन घेतलं तवा तू मांडीवर व्हतीस,” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. “पयला पॉइंट तूच दाबलास. त्याला तुजं अक्षर लावलं. मंग खऱ्याला तेच लावीत गेलो.”

ज्या खुणेपासून मला लांब ठेवत होते, ती खूण मीच होते. मला त्यांना दोन शब्द ऐकवायचे होते आणि त्यांच्या गळ्यातही पडायचं होतं. दोन्ही जमेना, म्हणून मी कोड नीट केला.

“चूक माजी व्हती, बाबा. तू बरोबर लिवलंवतंस.”

बटण दाबलं. नव्या फाइलीत ओळी उतरल्या, सगळ्या ‘एच’वर संपणाऱ्या. बाबा वाकून एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत होते. शेवटपर्यंत वाचून त्यांनी मान हलवली. मी नावांतला शेवटचा ‘एच’ गाळून फाइल राजच्या मोबाइलवर पाठवली आणि बाबांना दिसेल अशी लॅपटॉपवरची निवडली. “हे बग, पुसते.”

त्यांनी माझं मनगट धरलं. “रवू दे. राज दर साली एक मोबाइल पान्यात घालतो.”

“डोंगरीला नेऊ?”

“मंग कुटं ठेवशील?”

निघताना आईने सुक्या बोंबलांची पिशवी दिली. संध्याकाळी डोंगरीला पोचले तेव्हा ईश्वरमामा आणि माझा नवरा दिपेश अंगणात जाळं सांधत होते.

“बापाचं मशीन झालं?” मामांनी विचारलं.

“झालं.”

“तुज्या बापाचे पॉइंट बरे हायत म्हनतात.” सुई चालूच होती. दिपेशने मात्र मान वर केली.

“असतील,” मी म्हटलं आणि बोंबलांची पिशवी त्यांच्या हातात दिली. मामा पिशवीचा वास घेऊन हसले, पुढे काही विचारलं नाही. दिपेश मात्र माझ्याकडे बघतच होता. भला माणूस आहे तो. त्याच्यापासून मी आजवर काही लपवलेलं नव्हतं.

आत जाऊन मी लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड बदलला. जुना दिपेशला ठाऊक होता.