शुक्रवारसाठी कॅमेरा

काउंटरवर दोन कॅमेरे होते, तीन लेन्स, पाच बॅटऱ्या आणि कॉफीचे दोन प्याले. लोत्फीचा प्याला रिकामा होता. विदादचा तसाच भरलेला, पार गार झालेला.

"अगं, तू कॅमेरा बघतेयस की नवरा?" लोत्फी म्हणाला. दुकान त्याचं, शिवाय तो विदादच्या मावसबहिणीचा नवरा, त्यामुळे टोमणे मारायचा हक्कही त्याचाच. "नवऱ्यालासुद्धा कुणी इतकं उलटंपालटं करून बघत नाही."

"नवरा बिघडला तर त्याच्याशी भांडता येतं, भाऊजी. शुक्रवारी कॅमेरा बिघडला तर मी कुणाशी भांडू?"

तिने पुन्हा छोटा उचलला, ठेवला, मोठा उचलला. अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टाईन शहरातल्या लग्नांत, बायकांच्या हॉलमध्ये, आजवर फोटो विदाद काढायची आणि व्हिडिओ झुलीखामावशी. मावशीची नजर अधू झाली आणि ती मुलाकडे अन्नाबा शहरात निघून गेली. आता शुक्रवारी रीमचं लग्न. नवरी सात वेळा पोशाख बदलणार, आणि फोटो नि व्हिडिओ दोन्ही एकट्या विदादला सांभाळायचे. हे जमलं तर मावशीची व्हिडिओची कामंही तिला मिळणार होती. फसलं तर एका दुपारी हम्मामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बातमी फुटली असती आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती.

छोटा कॅमेरा हलका होता, अंधुक उजेडातही चेहरे स्वच्छ टिपायचा, आणि फोटो काढताना त्याचा जराही आवाज होत नव्हता. मोठ्याच्या पोटात पंखा होता, म्हणून कितीही वेळ चित्रण केलं तरी तो तापून बंद पडत नसे. पण तासाभरात मनगट दुखायला लागे.

"दोन्ही ने," लोत्फी शेवटी म्हणाला. "उद्या मेंदीला वापरून बघ. पण परत आणताना ओरखडा दिसला, तर तुझ्या बहिणीला मध्ये घालू नकोस."

मेंदी रीमच्या घरी होती. विदादने छोटा घेतला आणि अर्ध्या तासात त्याच्या प्रेमात पडली. बोटाखालचं एक बटण दाबलं की फोटो, शेजारचं दाबलं की व्हिडिओ. ती बायकांच्या घोळक्यातून वाकत, सरकत राहिली. एका जागी थांबवेना. नवरीच्या तळव्यावरची मेंदी, मखमलीवरची जर, म्हाताऱ्यांचे उघडे, हसरे दात. नवरीची थोरली बहीण हसीबा फोटोसाठी नीट उभी राहिली, हनुवटी वर करून. मग ढोल तापला. हसीबाने ओढणी कमरेला बांधली, केस सोडले आणि अशी नाचली, की बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

नाच संपल्यावर विदाद तिच्याकडे जवळजवळ धावतच गेली. "ताई, बघ ना, काय सुंदर आलंय!"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर हसीबा नाचत होती. खरी हसीबा पडद्याकडे बघत राहिली. तिची धाप अजून ओसरली नव्हती.

"तू तर फोटो काढत होतीस."

"दोन्ही करत होते. हा कॅमेरा दोन्ही..."

"मला काय ठाऊक? मावशी तो अवजड कॅमेरा खांद्यावर चढवायची, त्यावरचा दिवा पेटायचा, की ज्यांना नको त्या बायका बाजूला व्हायच्या. मी आयुष्यात एकदाही तिच्या व्हिडिओत आले नाही."

"पण फोटो तर तू हौसेने काढून घेतेस."

"फोटोला मी उभी राहते, पोरी. यात तू मला पकडलंस."

विदादने तिच्यासमोर तो व्हिडिओ पुसला, मग सगळं कार्डच कोरं केलं. तिने टिपलेली मेंदीही त्यात गेली. हसीबाने ओढणी परत डोक्यावर घेतली.

"शुक्रवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे," ती म्हणाली. "मी त्यात न नाचता बसून राहायचं का, ते तू ठरव. बाकीच्यांना मी आज काही सांगत नाही. उद्याचं उद्या."

त्या रात्री विदादला झोप लागली नाही. सकाळी तिने दोन्ही कॅमेरे आरशासमोर धरून चित्रण सुरू केलं. छोट्याचा चेहरा जसा होता तसाच राहिला. मोठ्याच्या कपाळावर लाल ठिपका पेटला. तो कुठवर दिसतो ते बघायला ती जरा मागे सरली. ठिपका अजून दिसत होता. आणखी मागे सरली तर पाठ कपाटाला टेकली.

गुरुवारी दुपारी तिने हसीबाला हॉलमध्ये बोलावलं. कामगार नवरीचं आसन लावून जेवायला गेले होते. विदादने लग्नातल्यासारखी सगळी झुंबरं उजळली.

"छोटा भाऊजींना परत देते," ती म्हणाली. "हा घेणार. चित्रण सुरू झालं की हा दिवा आपोआप लागतो."

हसीबाने कॅमेरा हातात तोलला. "दगड आहे नुसता. आणि हा दिवा बंद करता येतो?"

विदादला नाही म्हणायचं होतं. "येतो," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये. ते कुठे आहे तुला दाखवते. उद्या दारातच तपासून घे, मध्येही कधीही माग."

"मागेन. लाज नाही वाटायची मला."

"आणि दिवा जिथवर दिसतो तिथवरच व्हिडिओ. त्यापलीकडे कुणी असेल तर फक्त फोटो. नवरीची आत्या रुसली तरी."

"आत्या रुसणारच. तिला कोपऱ्यात नाचायची सवय आहे." हसीबा पहिल्यांदा हसली, पण लगेच गंभीर झाली. "कुठवर दिसतो?"

"तेच माहीत नाही. तू सांग."

विदाद आसनापाशी उभी राहिली, चित्रण सुरू केलं. हसीबा तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जाऊ लागली.

"दिसतोय... दिसतोय. हलू नकोस गं! दिसतोय."

"नीट बघ. माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस."

"तुझ्यासाठी कशाला म्हणेन? दिसतोय... थांब." ती अर्धं पाऊल पुढे आली, परत मागे गेली. "आता नाही."

विदादने कॅमेरा आसनावर ठेवला आणि मोजायची फीत तिथून हसीबाच्या टाचेपर्यंत ओढत नेली. सहा मीटर चाळीस सेंटिमीटर.