दोन बोटे कमी

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिवई पाहिलीही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. एक जाड फळी आणि तिच्याखाली तीन पाय, एवढेच माझे अंग. बसायला, भांडे टेकवायला आणि उंचावरची वस्तू काढताना चढायला माझा उपयोग होतो. चार पायांच्या खुर्च्या मला पाहून नाक मुरडतात. पण शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर त्या डुगडुगतात आणि मी डुगडुगत नाही. तीन पाय कुठेही नीट टेकतात. ही तुम्हाला फुशारकी वाटली तर वाटू द्या. फुशारकी मारण्याजोगे थोडेफार माझ्या वाट्याला आले आहे आणि तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावी झाला. सत्तर सालचा उन्हाळा होता. श्रीपती नावाचा जवान दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आला होता. त्याचे लग्न होऊन वर्ष झाले होते. बायको तुळसा अंगाने बारकी आणि उंचीने त्याहून बारकी. घरातली वरची फळी मात्र सासूबाईंनी स्वतःच्या उंचीने ठोकून घेतलेली, आणि सासूबाई चांगल्या ताडमाड. मांजराच्या आणि मुंग्यांच्या भीतीने गुळाचे मडके त्या फळीवर असे. गूळ काढायचा म्हटले की तुळसा पाट्यावर उभी राही, नाहीतर कळशी पालथी घाली. एकदा कळशीवरून घसरली आणि कोपर फोडून घेतले. श्रीपतीने ते पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी सुताराकडून करवत आणि लाकूड तासायचा वाकस मागून आणला.

बांधावरची एक बाभूळ पडून वाळली होती. तिच्यातून त्याने मला काढले. तो काही सुतार नव्हता. पण खंदक आणि मोर्चे बांधताना पलटणीत लाकूडकाम हाताखालून गेले होते. त्याने तुळसाला फळीखाली उभे केले, हात वर करायला लावला आणि बोटे पोचली तिथे भिंतीवर कोळशाने खूण केली. मग मापाने माझे पाय कापले. तीन दिवसांत मी उभी राहिले. तुळसा हौसेने माझ्यावर चढली, हात वर केला आणि तिची बोटे मडक्यापासून दोन बोटे खालीच राहिली.

"माप चुकलं जनू," ती म्हणाली. "दोन बोटं कमी पडली."

श्रीपती हसला. "चुकलं न्हाय. मुद्दाम ठिवलीत. मी हितं नसलो की टाचा उचल. घरी असलो की हाक मार, मी काढून दीन."

तुळसा लाजून आत गेली. मी मात्र तिथेच होते, म्हणून ही गोष्ट त्या दोघांखेरीज फक्त मला ठाऊक आहे. त्या सुट्टीत तुळसाने एकदाही टाचा उचलल्या नाहीत. दिवसातून चार वेळा तिला गूळ लागायचा.

जाण्याच्या आदल्या दिवशी श्रीपतीने चुलीत खिळा लाल केला आणि मला उलटी करून माझ्या पोटावर स्वतःचे नाव आणि लष्करातला नंबर डागला. पलटणीत चहाचा मग असो की घोंगडी, प्रत्येक वस्तूवर नंबर असतो, ती सवय. मला चटके बसले. पण खरे सांगते, त्या दिवसापासून मी स्वतःला लष्करातलीच समजत आले आहे.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला, संघपाल. त्याच वर्षी डिसेंबरात लढाई पेटली आणि श्रीपती सीमेवर शहीद झाला. त्याची सामानाची काळी पेटी कळंबला आली, तो आला नाही. अंत्यसंस्कार तिकडेच झाले होते. तुळसाला त्याचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्याच्या पायांना हात लावायला मिळाला नाही. वीस वर्षांची बाई चार महिन्यांच्या लेकराला मांडीवर घेऊन माझ्यावर बसून राहायची. तेव्हा मला माझ्या लाकडीपणाचा राग आला होता.

पण तुळसा रडत बसणारी नव्हती. तिने दोन एकर रान कसले, संघपालला शिकवले. तो अभ्यास करायचा तो जमिनीवर मांडी घालून, पाटी माझ्यावर ठेवून. वस्तीतही माझे मोठे नाव होते. जयंतीला विहारापुढे निळ्या पताका बांधायच्या म्हटले की आधी माझा शोध व्हायचा. कुणाच्या घरी पहिला बल्ब लागला, तोही माझ्यावर उभे राहून. लोक म्हणत, तिवई घट्ट आहे हो, फक्त जरा ठेंगणी झाली. बिचाऱ्या श्रीपतीचे माप चुकले. तुळसा हे ऐकून घेई. घरी येऊन ती टाचा उचले आणि गूळ काढे. पन्नास वर्षांत त्यासाठी तिने दुसऱ्या कुणाला हाक मारलेली मी ऐकली नाही.

मित्रांनो, सगळ्यांचेच दिवस फिरतात, तसे माझेही फिरले. संघपाल शिक्षक झाला. त्याने स्लॅबचे घर बांधले. नव्या स्वयंपाकघरात सगळे हाताशी, गूळसुद्धा ओट्याखालच्या डब्यात. मी आधी पडवीत गेले, मग पाण्याच्या पिंपाखाली, मग कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून. पावसाने एका पायाला चीर गेली. शेवटी कुणीतरी मला बंबाशेजारच्या जळणात टाकले. कुणी ते मी सांगत नाही, कारण त्यांना ते आता आठवले तरी वाईट वाटते. एकेक लाकूड बंबात जाताना मी पाहत होते. माझ्या वर दोनच ढलप्या उरल्या होत्या.

त्याच सुमारास घरी एक पत्र आले. श्रीपतीच्या पलटणीचे ठाणे ज्या छावणीच्या शहरात आहे, तिथल्या युद्धस्मारकात नवी दगडी भिंत उभारली होती आणि तिच्यावर शहिदांची नावे कोरली होती. घरच्यांना बोलावणे होते. शहराचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. लष्कराचा माणूस कुठे आहे हे चारचौघांत बोलायचे नसते, असे श्रीपती म्हणत असे.

तुळसा, संघपाल आणि त्याची मुलगी अंजली गाडीने गेले. तिथे काय झाले ते नंतर अंजलीने शेजारणीला सांगितले, तेव्हा जळणात पडल्या पडल्या मी ऐकले. भिंत उंच, आणि श्रीपतीचे नाव वरून तिसऱ्या ओळीत. तुळसाने हात वर केला, तो नावाच्या कितीतरी खाली राहिला. संघपाल म्हणाला, आई, मी उचलतो तुला. एवढ्या माणसांत म्हातारीला उचलतोस व्हय, म्हणून तिने त्याला गप्प केले. मग संघपालने स्वतः नावाला हात लावला आणि तोच हात आईच्या हातात दिला. त्याने ते मायेनेच केले होते. येताना भिगवणला सगळे जेवायला थांबले. तुळसाने ताटाला हातही लावला नाही.

तिला काय हवे होते ते मला कळत होते. एवढ्या वर्षांत नवऱ्याला शेवटचा हात लावायची एकच जागा तिला सापडली होती, आणि ती हाताला पोचत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बंबाजवळ आली आणि वरच्या ढलप्या बाजूला करून तिने मला ओढून काढले. पदराने पुसले. मग अंजलीला म्हणाली, "रामहरीला सांगावा धाड. म्हणावं, हत्यारं घिऊन ये."

रामहरी हा आमच्या गावचा सुतार. ज्याच्याकडून श्रीपतीने करवत आणली होती, त्याचाच मुलगा. तो म्हणाला की हिच्यात काही राम उरला नाही, सागवानाची नवी करून देतो. तुळसाने नकारार्थी मान हलवली. मग त्याने चिरलेल्या पायाला लोखंडी पट्टी मारली, वरून रंधा फिरवला आणि खालूनही फिरवायला मला उलटी केली. तुळसाने त्याचा हात धरला. तिला वाचता येत नाही, पण त्या डागलेल्या अक्षरांवरून तिने इतक्या वेळा बोट फिरवले आहे की अंधारातही ती ते नाव ओळखील. खालच्या बाजूला रंधा लागला नाही.

पुढच्या सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, मी गाडीच्या डिकीत बसून निघाले. संघपाल कुरकुरत होता. तिथे शिडी मिळेल, लोक हसतील, असे त्याने बारामती येईपर्यंत सांगून पाहिले. तुळसाचे एकच म्हणणे होते, त्यांनी केलेली आहे, तीच न्यायची.

छावणीच्या फाटकावर आमची अडवणूक झाली. पहाऱ्यावरच्या तरुण जवानाने अदबीने सांगितले की फुले आणि मेणबत्त्या यांशिवाय काही आत नेता येत नाही. संघपाल विनवू लागला, अंजली पत्र दाखवू लागली. जवानाचेही चुकत नव्हते, तो हुकमाचा बांधलेला. तुळसाने वाद घातला नाही. तिने मला फाटकाच्या कडेला ठेवले आणि माझ्यावर बसून राहिली. पांढरे लुगडे, हातात मेणबत्त्यांचा पुडा. मला वाटले, इथपर्यंत येऊन आपण आता परत डिकीत जाणार.

थोड्या वेळाने एक हवालदार आले. त्यांनी तुळसाला हात देऊन उठवले आणि तपासायचे म्हणून मला उलटी केली. पोटावरचा नंबर त्यांनी वाचला. मग नाव वाचले. मग पुन्हा नंबर. हातातल्या यादीत त्यांनी बोट फिरवले, ते एका जागी थांबले, आणि मित्रांनो, तो धिप्पाड माणूस माझ्यापुढे ताठ उभा राहिला.

"ही आपल्याच माणसाची आहे," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "आत जाऊ दे."

त्यांनी मला दुसऱ्या कुणाला उचलू दिले नाही. स्वतःच्या हातात घेऊन ते तुळसाच्या पुढे चालत निघाले. दोन्ही बाजूंना जवान उभे होते. खुराड्यावर बसलेली मी, त्या रस्त्याने चालले होते. अभिमानाने माझे लाकूड फुगले होते म्हणा ना.

भिंतीपाशी हवालदारांनी मला ठेवले. गुळगुळीत फरशी, पण माझे तिन्ही पाय नीट टेकले. तुळसाने चपला काढल्या आणि ती माझ्यावर चढली. एका बाजूला अंजली, दुसऱ्या बाजूला हवालदार, हात पुढे करून पण तिला न धरता उभे. तुळसाने हात वर केला.

बोटे नावाच्या खाली राहिली. दोन बोटे.

वयाने तिची पाठ वाकली होती, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. संघपालचा चेहरा उतरला. हवालदारांनी एका जवानाला शिडी आणायला पिटाळले. मी शरमेने खाली बघत होते. तेवढ्यात माझ्यावर उभी असलेली तुळसा हसली. नव्या नवरीसारखी, तोंडाला पदर लावून हसली. मग नावाकडे बघत म्हणाली,

"आवं, आजूनबी दोन बोटं कमीच ठिवलीत व्हय?"

आणि तिने टाचा उचलल्या.

गुडघे दुखणारी पंच्याहत्तर वर्षांची बाई चवड्यांवर उभी राहिली. सगळा भार माझ्या पट्टी मारलेल्या पायावर आला. तो करकरला. मी मनात म्हटले, आज मोडायचे नाही, उद्या वाटेल ते होवो. मी हलले नाही. तुळसाचा तळवा श्रीपतीच्या नावावर टेकला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तिने बोट फिरवले, माझ्या पोटावर फिरवायची तसेच. मग पदराने ते नाव पुसले. शिडी घेऊन आलेला जवान शिडी तशीच हातात धरून थांबला होता. हवालदारांनी सलाम केला. संघपाल मोठ्याने रडला, आईपुढे त्याला त्याची लाज वाटली नाही.

खाली उतरल्यावर तुळसाने मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. येताना भिगवणला तिने मासे मागवले आणि पोटभर जेवली.

मित्रांनो, आता मी स्वयंपाकघरात असते. संघपालने भिंतीवर एक उंच फळी ठोकून घेतली आहे आणि गुळाचा डबा तिच्यावर आहे. माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. घरातली जुनी वस्तू जळणात टाकण्याआधी तिला एकदा उलटी करून बघा. ती ज्याने केली, त्याने तिच्यावर काय लिहून ठेवले आहे ते वाचा. नाव नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. विचारणारा कुणी आला नाही, म्हणून आम्ही वस्तू गप्प असतो.

परवा रामहरी पट्टीचे खिळे बघायला आला होता. फरशीवर घसरू नये म्हणून माझ्या पायांना रबरी टोप्या बसवतो म्हणाला. वर आणखी म्हणाला, तेवढीच दोन बोटे उंच होईल, श्रीपतीतात्यांचे चुकलेले मापही बरोबर होईल.

तुळसा शेगडीवरचा चहा उतरवत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

"नगं," ती म्हणाली. "माप बरोबर हाय."