हातभर जास्तीचं कापड

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका! पायाने चालते, खडखड बोलते, पण जाड कापडही माझ्यापुढे गुमान वाकतं.

माझ्यावर शिंपीणमावशी बसते. आम्ही देशोदेशींचे झेंडे शिवतो. लाल रंग सगळ्यांना एकाच ताग्यातून, हा मावशीचा नियम. गंमत अशी, की झेंडा न्यायला येणारा प्रत्येक जण बजावतो, "आमचा देश जगावेगळा हो!" मावशी मान डोलावते आणि टाका तोच घालते.

एकदा गावात देशोदेशींचे सामने ठरले. मैदानाचे साहेब सगळ्या झेंड्यांचं काम सांगायला आले नि म्हणाले, "आपला तेवढा हातभर लांब करा. आपली बरोबरी कुणाशी?"

"देश माझाही आहे, साहेब," मावशी म्हणाली. "पण पाहुण्यांना बोलवायचं आणि आपणच उंच खुर्चीवर बसायचं? मला नाही जमायचं."

"अगं, शिवून टाक ना, आपल्या बापाचं काय जातंय?" तिचे यजमान कुरकुरले. मावशीने माझ्यावरचा पाय काढून घेतला. साहेबांनी काम कारखान्याला दिलं. यजमानांनी रागाने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने मला हलवून पाहिलं आणि उद्या नेतो म्हणाला. पण खरं सांगते, तो झेंडा माझ्यावर आला असता, तर मीच दोरा तोडला असता.

दुसऱ्याच दिवशी मैदानावर रंगीत तालीम होती. वारा सुटला. आपला लांबडा झेंडा शेजारच्या देशाच्या झेंड्यात अडकला आणि ओढाताणीत शेजाऱ्याचा बिचारा टर्रकन फाटला. कारखान्याने एवढ्याशा कामाला नाही म्हटलं. साहेब दोन्ही झेंडे घेऊन धापा टाकत आमच्या दारात!

"मावशी, अब्रू वाचवा."

"वाचवते. पण माप माझं."

मला न्यायला आलेल्या भंगारवाल्याला तिने परत पाठवलं. आपल्या झेंड्याचा हातभर लाल तुकडा कापला आणि शेजाऱ्याच्या फाटक्या लालात बसवला. मी असा टाका घातला, की जोड शोधून सापडेना. सामन्यांना दोन्ही झेंडे सारखे फडकले. शेजारच्या देशाचे खेळाडू छाती काढून सलाम करत होते, आपल्याच कापडाला!

मित्रांनो, देशाला जपा. फाटलं तर शिवा, गंजलं तर तेल घाला. पण त्याला इतरांहून मोठा दाखवायला हातभर कापड घेऊन माझ्याकडे येऊ नका. खुशाल भंगारात घाला मला, मी शिवणार नाही.