चेटकिणीचं नवं हसू

करमणूक बागेतल्या भूतबंगल्यात तीस वर्षं एकच चेटकीण हसत होती, आणि ते हसू होतं तिथल्याच मिस्त्रींच्या बायकोचं. ठरलेली नटी ऐन वेळी आली नाही, म्हणून जेवणाचा डबा घेऊन आलेल्या तिलाच माइकपुढे उभं केलं. समोर मिस्त्री सांगाड्याच्या हाताने पाठ खाजवत होते. मग काय, बाई अशी हसत सुटली की शेवटी उचकीच लागली. टेप झाली ती उचकीसकट.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. घरात तिचा आवाज कुठेच नव्हता. होता तो इथे.

आणि नवे मॅनेजर म्हणत होते, "जमाना बदललाय, मिस्त्री. या पेनड्राइव्हमध्ये नवं हसू आहे, सोमवारी बसवा."

"बसवतो, साहेब," म्हणून मिस्त्रींनी पेनड्राइव्ह खिळ्यांच्या डब्यात नीट बसवला आणि दारावर 'नवे हसू, नवा थरार' अशी झोकात पाटी लावली. साहेब तपासायला आत जाणार नव्हतेच. अंधाराला भ्यायचे.

सोमवारी पहिल्याच फेरीतून एक निवृत्त मुख्याध्यापिका फणफणत बाहेर आल्या. मुलांना, मग नातवंडांना घेऊन वर्षानुवर्षं येणाऱ्या.

"याला काय हसणं म्हणतात? आधीची कशी पोटातून हसायची. आणि ही उचकी कशाला घुसडलीत?"

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोच्या उचकीला नावं ठेवते म्हणजे काय! पण बोलायची सोय नव्हती.

"तक्रारवहीत लिहा ना बाई," ते गोड आवाजात म्हणाले. "जरा ठसठशीत लिहा."

चार दिवसांत वही भरली. साहेबांना घाम फुटला. "जुनं हसू परत बसवा. आजच्या आज."

"आज कसं होईल? टेप माळ्यावर गेलीय. शोधायला आठ दिवस तरी लागतील. तोवर बंगला बंद ठेवावा लागेल."

तीस वर्षं मिस्त्री बाहेर, गाडी आत सोडायच्या खटक्यापाशी उभे होते. लोकांच्या किंकाळ्यांत ते हसू त्यांना कधी धड ऐकूच आलं नव्हतं. आता दाराला कुलूप लावून ते रोज दुपारी चेटकिणीसमोर गाडीत बसायचे. ती पोटभर हसायची, उचकी आली की तेही हसायचे, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसायचे.

नवव्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काय मिस्त्री, सापडली का टेप?"

"अर्धी सापडलीय, साहेब."